पाद्री स्टीफन्सची सहाशे अक्षरे

(द्वितीय वर्ष, कला)

मध्ययुगीन मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकताना फादर थॉमस स्टीफन्स हे नाव एकदा येते आणि पुढच्या पानावर विसरले जाते. परीक्षेत टीप आलीच तर आपण ठरलेल्या चार ओळी लिहितो : इंग्लंडमध्ये जन्मलेला धर्मोपदेशक, गोव्यात वास्तव्य, 'क्रिस्तपुराण' हा ग्रंथ, मराठी भाषेची स्तुती. पाचपैकी तीन गुण मिळतात आणि विषय संपतो. परंतु हा मनुष्य टिपेपुरता नाही, असे मला वाटते. आपल्या घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्या मुलामुलींनी तर त्याचा विचार जरा वेगळ्या बाजूने करायला हवा.

प्रथम त्यांचे चरित्र थोडक्यात पाहू. स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथाच्या माणसाला उघडपणे धर्म पाळणे कठीण झाले होते. ते रोमला गेले आणि १५७५ साली जेजुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा तांडा निघाला, त्यातल्या एका जहाजावर ते होते. आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर! या प्रवासाची हकीकत त्यांनी वडिलांना पत्राने कळवली आणि ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला, ज्याची नोंद आहे असा हा पहिला इंग्रज. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होण्यास अजून एकवीस वर्षे अवकाश होता. स्टीफन्स पुन्हा कधी मायदेशी गेले नाहीत. सारे आयुष्य साष्टीच्या गावांमधून आणि रायतूरच्या विद्यालयात काढून १६१९ साली ते गोव्यातच वारले.

या चाळीस वर्षांत त्यांनी काय केले? कोणी म्हणेल, धर्मप्रसार केला. खरे आहे, त्यासाठीच ते आले होते. पण तो करताना त्यांनी एक गोष्ट अशी केली की जी शिकवणाऱ्या माणसाने सर्वात आधी करायची असते आणि बहुधा सर्वात शेवटी केली जाते. ज्यांना शिकवायचे त्यांची भाषा ते आधी स्वतः शिकले. तीही कामचलाऊ नव्हे. त्यांनी गोव्याच्या लोकांच्या बोलीचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. हिंदुस्थानातील देशी भाषांची जी व्याकरणे छापली गेली, त्यांत हे अगदी आरंभीचे गणले जाते. त्या बोलीत त्यांनी धर्माची प्रश्नोत्तरे रचली, ती १६२२ साली छापली गेली. आणि मराठीत त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली प्रथम छापून निघाले.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. गोव्याच्या घराघरांत बोलली जाई ती कोकणी. ग्रंथरचनेची भाषा म्हणून मान होता तो मराठीला. स्टीफन्स यांनी पुराणासाठी मराठी निवडली, पण वाचणाऱ्याला सोपे जावे म्हणून तेथील बोलीतले शब्द तिच्यात मिसळले आणि तसे प्रस्तावनेत सांगितलेही. म्हणजे ग्रंथाच्या भाषेला मान दिला आणि घरातल्या भाषेला तिच्या शेजारी पाटावर बसवले. मराठीची थोरवी गाताना त्यांना रत्ने, फुले, कस्तुरी, मोर असे एकाहून एक दाखले सुचतात हे आपण पाठ करतो. पण ज्याने बोलीचे व्याकरण आधी मांडले, त्यालाच अशी थोरवी गाण्याचा अधिकार पोहोचतो, हे मात्र आपण पाठ करत नाही.

युरोपात अशा विद्वान मठवासीयांची परंपरा जुनी होती. स्टीफन्स यांच्याच इंग्लंडमध्ये त्यांच्या आधी साडेआठशे वर्षे बीड नावाचा एक मठवासी होऊन गेला. सातव्या वर्षी तो मठात गेला आणि सारा जन्म त्याने वाचण्यात, लिहिण्यात आणि शिष्यांना शिकवण्यात घालवला. त्याचे सारे मोठे ग्रंथ लॅटिनमध्ये आहेत. लॅटिनचा तो पंडित. पण ७३५ साली मृत्युशय्येवर असताना तो काय करत होता? योहानाच्या शुभवर्तमानाचे आपल्या लोकांच्या इंग्रजी बोलीत भाषांतर सांगत होता आणि शिष्य लिहून घेत होते. ही हकीकत त्याच्या एका शिष्यानेच लिहून ठेवली आहे. आज जिच्या भीतीने आपल्यातली निम्मी मुले वर्गात मागच्या बाकावर बसतात, ती इंग्रजी त्या काळी अडाण्यांची बोली समजली जात होती! आपल्याकडेही तेच घडले. चक्रधरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी मराठीचा आग्रह धरला, ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठी ओवीत आणला, तेव्हा संस्कृतच्या पंडितांपुढे मराठी हीदेखील एक बोलीच होती. कोणतीही भाषा जन्मतः थोर नसते. कोणीतरी विद्वान खाली वाकून तिचा शब्द उचलतो, लिहितो, आणि मग ती थोर होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १६०८ साली, म्हणजे ज्या वर्षी तुकोबांचा जन्म झाला असे बहुतेक मानतात त्या वर्षी, स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना एक पत्र लिहिले. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली कित्येक वर्षांची इच्छा आहे, असे त्यांनी त्यात कळवले. मलबारात तसे घडले होते. तमिळ लिपीत १५७८ सालीच पुस्तक छापले गेले होते. गोव्यात तर छापखाना १५५६ पासून होता. मग अडचण काय? एक अडचण अशी की युरोपच्या लिपीला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात. आपल्या लिपीला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरून सहाशेच्या घरात साचे लागतील. एवढे साचे पाडणे अशक्य वाटत होते.

ते साचे शेवटी झाले नाहीत. 'क्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी ओवी, मराठी शब्द, आणि अक्षरे मात्र परकी. देवनागरीत मराठी छापून निघायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले तेव्हा कुठे ते घडले. आणि त्या छापखान्याची अक्षरे कोणी कोरली होती? पंचानन कर्मकार नावाच्या लोहाराने आणि त्याच्या घरच्या माणसांनी. पंडित होते, पाद्री होते, पैसा होता. पण पोलादावर अक्षर कोरणारा हात मिळाला तेव्हाच पुस्तक झाले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या गावाची आठवण होणे साहजिक होते. मी वाढवणचा. वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात घरोघर डाय कोरण्याचा धंदा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीने नक्षी कोरायची आणि त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा दाबून दागिन्याचा आकार उठवायचा. माझे वडील हेच काम करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. केसाएवढ्या रेषेचा फरक त्यांना डोळ्यांनी कळतो. छपाईचा साचा पाडण्याची विद्या आणि ही विद्या या सख्ख्या बहिणी आहेत. रोमला पत्र लिहिणाऱ्या त्या विद्वान पाद्र्याला सहाशे साचे अशक्य वाटले. आमच्या पट्ट्यात सहाशे डाय ही काही न ऐकलेली गोष्ट नाही. सांगायचे एवढेच, की विद्या एकट्या पुस्तकवाल्याजवळ नसते. ती हातातही असते आणि जिभेवरही असते. ज्या समाजात पुस्तकवाला आणि हातवाला एकमेकांना भेटत नाहीत, तेथे सहाशे अक्षरे दोनशे वर्षे अडून राहतात.

आणि जिभेवरच्या विद्येचे काय? आपल्या महाविद्यालयात डहाणू-तलासरीच्या गावांतून आणि पाड्यांतून मुले येतात. कोणाच्या घरी मांगेली बोलतात, कोणाच्या घरी वाडवळी, कोणाच्या घरी वारली. फाटकाबाहेर आपण आपापल्या बोलीत हसतो-भांडतो आणि वर्गात शिरताना चपला काढाव्यात तशी ती बाहेर काढून ठेवतो. हे आम्हाला कोणी शिकवले? शाळेत असताना आमच्यातला एखादा मुलगा उभा राहून घरच्या बोलीत उत्तर देई, तेव्हा वर्ग हसे आणि कधीकधी शिकवणारेही हसत. उत्तर बरोबर असे, तरी हसत. हळूहळू त्या मुलाने उत्तर देणेच सोडले. असा मुलगा आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात होता, आठवून पाहा.

माझ्या आजीला अक्षरओळख नाही. पण समुद्राच्या पाण्याचे तिला जेवढे ठाऊक आहे तेवढे मला भूगोलाच्या पुस्तकात सापडले नाही. उधाण कधी, भांग कधी, कोणत्या तिथीला पाणी कोठवर येणार, डोल कधी लावायची, वलांडीवर बोंबील किती दिवस राहू द्यायचे, हे सगळे ती बोटांवर मोजून सांगते. हे ज्ञान ज्या शब्दांत आहे ते शब्द गेले म्हणजे ज्ञानही गेले. आमच्या वाढवणला मोठे बंदर उभारण्याच्या प्रकल्पाला जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. त्याला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो का आहे, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. तो वाद या लेखाचा विषय नाही. मात्र किनारा बदलला, धंदा बदलला की धंद्याचे शब्द सर्वांत आधी जातात, हे तर दोन्ही बाजूंना मान्य व्हावे. घर गेले तर नुकसानभरपाईचा अर्ज तरी करता येतो. शब्दाच्या नुकसानभरपाईचा अर्ज कोणत्या कचेरीत करायचा?

इथे कोणी प्रामाणिकपणे आक्षेप घेईल आणि तो मी टाळणार नाही. ज्या स्टीफन्सचे एवढे गुणगान चालले आहे, तो पोर्तुगीज सत्तेच्या सावलीत काम करत होता ना? होय, करत होता. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेजुइटांना ठार मारले. स्टीफन्स यांनी त्यांची प्रेते मिळवली. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलावून दगाफटक्याने मारले. 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? या प्रश्नातच सगळे आले. लोकांच्या हातातली पोथी आधी काढून घेतली होती, म्हणून नवी द्यावी लागली. आपला डहाणू-तारापूरचा किनाराही १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्याच अमलाखाली होता. तेव्हा ही काही दूरच्या देशातली गोष्ट नव्हे.

शिवाय सत्तेची कृपा किती दिवस टिकते तेही पाहा. स्टीफन्स यांच्यानंतर पासष्ट वर्षांनी, १६८४ साली, पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेचे व्याकरण एका पाद्र्याने प्रेमाने लिहिले, तीच भाषा त्याच्याच पाठीशी असलेल्या सत्तेने मोडायला काढली. म्हणून स्टीफन्स यांना देव्हाऱ्यात बसवा असे मी म्हणत नाही. माणूस मोठा, पण ज्या गाडीत बसून आला ती गाडी लोकांच्या अंगावरून गेलेली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याला दोन्ही एकाच वेळी सांगता आल्या पाहिजेत.

पण या कथेचा शेवट मला सर्वात जास्त आवडतो. 'क्रिस्तपुराण' १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापले गेले, आणि या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. मग ग्रंथ वाचला कसा? लोकांनी हाताने उतरून काढला म्हणून. त्यांनी नकला केल्या, घरी आणि देवळात मोठ्याने वाचला, गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी जवळ बाळगला. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो छापला तो अशा हस्तलिखितांवरूनच. पुढे लंडनमध्ये देवनागरी लिपीतले हस्तलिखितही पुढे आले आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आवृत्ती काढली. सत्तेने ग्रंथ छापू दिला, पण जपला तो सामान्य माणसांनी.

म्हणून स्टीफन्स यांच्याकडून घ्यायचे ते त्यांचे काम करण्याचे वळण. आणि ते वळण सत्तेशिवायही चालते, याला पुरावा शोधायला गोव्याला जायला नको. आपल्याच तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरची वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळा पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शंखशिंपले, बिया, पाने हेच शिकण्याचे साहित्य झाले. त्यांच्या पाठीशी ना व्हाइसरॉय होता ना आरमार. शिकवणाऱ्याने आधी शिकायचे असते, हे सूत्र मात्र तेच. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. त्यांनी जे केले ते बाहेरून येऊन केले. आता पाळी आतल्यांची आहे.

काही मित्र विचारतात, बोलीने नोकरी मिळते का? नाही मिळत. प्रमाण मराठी यायलाच हवी, इंग्रजीही यायलाच हवी. ती येत नाही म्हणून आपली किती मुले मागे पडतात ते मी पाहतो. स्टीफन्स यांना लॅटिन येत होती, पोर्तुगीज येत होती, म्हणूनच १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात या देशाच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे ते नोंदवू शकले. विल्यम जोन्सने हेच जगापुढे मांडले ते १७८६ साली, दोनशे वर्षांनी. दुसरी भाषा आल्याने आपली भाषा अधिक कळते. मोठी भाषा शिकायची म्हणजे लहान भाषा विसरायची, हा हिशेब कोणी मांडला कोण जाणे. पण तो चुकीचा आहे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आपल्या या वार्षिकात पुढच्या वर्षापासून आठ पाने आपल्या बोलींसाठी राखून ठेवावीत. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून आपल्या धंद्याचे वीस शब्द अर्थासह लिहून आणावेत : जाळ्याचे, भाताचे, चिकूच्या वाडीचे, डायच्या कामाचे, रानभाज्यांचे. शब्द कोणत्या गावचा, कोण वापरते, कशासाठी वापरते एवढे लिहिले की पुरे. तीस विद्यार्थी म्हणजे सहाशे शब्द. मराठी विभागातील प्राध्यापकांना माझी नम्र विनंती की त्यांनी ते तपासावेत, आणि तोंडी परीक्षेत एखाद्याच्या तोंडून घरचा शब्द निघाला तर त्याचा अर्थ विचारावा, गुण कापू नयेत.

फादर स्टीफन्स यांना सहाशे साच्यांसाठी रोमची परवानगी मागावी लागली आणि साचे झाले नाहीत. आपल्याला सहाशे शब्दांसाठी कोणाची परवानगी हवी आहे? वही आहे, पेन आहे, आणि सांगणारी माणसे अजून घरात आहेत. ती कायमची राहणार नाहीत. येत्या मे महिन्याच्या सुट्टीतच कामाला लागू या.